खांडववन, खाजण आणि राजाची मालकी

ठाणे, वाशी, नेरूळ येथील व्याख्यानमालांमध्ये गेल्या काही वर्षांत एक मांडणी वारंवार कानांवर पडते. पाश्चात्त्य अर्थविचार व्यक्तीच्या स्वार्थावर उभा आहे आणि भारतीय अर्थविचार धर्मावर. तिथे उपभोग, इथे संयम. तिथे हक्क, इथे कर्तव्य. चार पुरुषार्थांची चौकट, रामराज्याचा दाखला, ईशोपनिषदातला पहिला मंत्र आणि तुकोबांचे ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारे’ एवढ्या सामग्रीवर तास-दीड तासाचे व्याख्यान सहज उभे राहते. ते श्रोत्यांना आवडतेही, कारण त्यात कोणालाच पदरचे काही सोडावे लागत नाही. माझे म्हणणे असे की, धर्मग्रंथांत आणि महाकाव्यांत एक खरोखर कठोर अर्थविचार आहे, तो जमिनीवर राजाचा अधिकार किती चालतो याविषयी आहे, आणि धर्माधिष्ठित अर्थव्यवस्थेचे पुरस्कर्ते नेमका तोच टाळतात. तो मान्य केला तर त्याची पहिली कसोटी आपण राहतो त्या नवी मुंबईतच लावावी लागेल.

आधी ‘तिथे’ आणि ‘इथे’ या दोन रकान्यांविषयी. ते तपासाला टिकत नाहीत. घर चालवण्यासाठी लागणारी संपत्ती आणि पैशासाठी पैसा वाढवण्याची हाव यांत ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात भेद केला आणि दुसरी निषिद्ध मानली. त्याचे ते प्रकरण संस्कृतात लिहिले गेले असते तर आज आपण ते अभिमानाने उद्धृत केले असते. उलट, आपल्याकडचा सर्वांत भारतीय वाटणारा आर्थिक सिद्धान्त म्हणजे गांधीजींचा विश्वस्ततेचा: धनवानाने आपली संपत्ती समाजाची ठेव समजून सांभाळावी. त्याची कल्पना आपल्याला कशी स्पष्ट झाली हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे: गीतेतल्या अपरिग्रहाचा अर्थ लावताना बॅरिस्टरीच्या अभ्यासात वाचलेला, स्नेल या इंग्रज लेखकाचा इक्विटी कायद्यावरचा ग्रंथ त्यांच्या मदतीला आला. गीता आणि इंग्रजी कायद्याचे पाठ्यपुस्तक अशा दोन झऱ्यांचे ते पाणी आहे. त्याने विश्वस्ततेची थोरवी कमी होत नाही, पण रकाने मात्र पुसले जातात.

जमिनीच्या प्रश्नावर तर हे साम्य अधिकच ठळक होते. जॉन लॉक याने १६८९ साली मांडले की, पृथ्वी मुळात सर्वांची आहे, परंतु जो माणूस आपले श्रम तिच्या एखाद्या तुकड्यात मिसळतो त्याचा तो तुकडा होतो, मात्र इतरांसाठी पुरेशी आणि तितकीच चांगली जमीन मागे उरली पाहिजे. पुढे याच विचाराने अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जमिनी ‘पडीक’ ठरवून बळकावण्याला समर्थन पुरवले, हा त्याचा काळा भाग. पण लॉकच्या कितीतरी शतके आधी मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ‘स्थाणुच्छेदस्य केदारम्’ असे म्हटले आहे: ज्याने खुंट तोडून रान मोकळे केले, त्याचे शेत. दोघांचे तत्त्व जवळजवळ एकच आहे.

हे तत्त्व ठाणे-रायगडच्या किनाऱ्याला लावून पाहा. बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यातली भातखाचरे मुळात शेत नव्हतीच. भरतीचे पाणी आत येत असलेल्या खाजणाला पिढ्यान्पिढ्या बांध घालून, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या उघाड्या बसवून, पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढत आगरी, कोळी आणि कराडी कुटुंबांनी ती जमीन तयार केली. एखादे वर्ष बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरे आणि पुढची काही वर्षे पीक हातचे जाई. श्रमातून मालकी उत्पन्न होते या तत्त्वाचे याहून स्वच्छ उदाहरण लॉकलाही सापडले नसते. तरीही या श्रमकर्त्यांपैकी फार मोठा भाग खोतांचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचे, कूळ होता. १९३३ ते १९३९ या काळात अलिबागजवळच्या चरी परिसरात शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी न कसण्याचा दीर्घ संप केला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच विसंगतीमुळे. कूळकायद्याने कसणाऱ्याच्या नावावर जमीन लागू लागली आणि काही दशकांतच नव्या शहराची आखणी सुरू झाली.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली ते उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात भूसंपादन सुरू झाले. या योजनेचा आर्थिक कणा समजून घेण्यासारखा आहे. शेतजमिनीच्या भावाने जमीन एकहाती घ्यायची, रस्ते-पाणी-रेल्वे आणायची, त्यामुळे वाढलेल्या किमतीला भूखंड द्यायचे आणि त्या फरकातून शहर उभारायचे. ही कल्पना पूर्णपणे पाश्चात्त्य परंपरेतली आहे आणि तिच्यामागचा विचार उदात्त आहे. जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने नव्हे तर भोवतालच्या समाजामुळे वाढते, म्हणून ती वाढ समाजाकडे यावी, असे जॉन स्टुअर्ट मिलने म्हटले होते आणि १८७९ साली हेन्री जॉर्जने त्यावर आख्खे तत्त्वज्ञान रचले. गोम एवढीच की, मिल आणि जॉर्ज यांच्या डोळ्यांसमोर झोपेत श्रीमंत होणारा जमीनदार होता. इथे समोर दीड-दोन एकर खारजमिनीचा बांध राखणारा माणूस होता. दोघांना एकाच मापाने मोजले गेले.

परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर काही वर्षांनी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, आणि नवी मुंबई विमानतळाच्या बाधितांसाठी ते प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. देशातल्या बहुतेक विस्थापितांना एवढेही मिळालेले नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

आता धर्मशास्त्राकडे वळू. वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसा या दर्शनात विश्वजित नावाच्या यज्ञाची चर्चा आहे. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. मग यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने राज्यातली भूमी दान करावी काय? या दर्शनाचा सूत्रकार जैमिनी याचे उत्तर नकारार्थी आहे: ‘न भूमिः स्यात्, सर्वान् प्रत्यविशिष्टत्वात्’. भूमी देता येणार नाही, कारण तिच्याशी सर्वांचे नाते सारखेच आहे. भाष्यकार शबर याचा खुलासा करतो की, राजा पिकांचे रक्षण करतो म्हणून त्याला पिकाचा ठरावीक हिस्सा मिळतो, पण एवढ्याने तो भूमीचा स्वामी होत नाही. चौदाव्या शतकातला माधवाचार्य आणखी पुढे जाऊन भूमीला सर्व प्राण्यांचे साधारण धन म्हणतो. बौधायन धर्मसूत्र तर राजाला सरळ पगारी नोकर ठरवते: ‘षड्भागभृतो राजा रक्षेत् प्रजाः’, सहावा हिस्सा हे त्याचे वेतन आणि रक्षण हे त्याचे काम. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की, चोरीला गेलेले धन राजाला शोधून परत आणता आले नाही तर त्याने ते आपल्या कोशातून भरून द्यावे. नोकराने काम चुकवले तर भरपाई त्याच्या खिशातून, इतका रोखठोक हा विचार आहे.

यातला सर्वांत महत्त्वाचा धागा आपल्या भागाशी थेट जोडलेला आहे. सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी, ज्यांचे घराणे मूळचे पैठणचे आणि नंतर काशीत स्थायिक झालेले, ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ लिहिला. राज्य जिंकले तरी जेत्याला पराभूत राजाची खासगी घरे-शेते आणि कर घेण्याचा अधिकार एवढेच मिळते, प्रजेच्या शेतांची मालकी मिळत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांनी हिंदू कायद्याच्या बाबतीत हाच ग्रंथ गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण, म्हणजे स्थूलमानाने आजचे ठाणे आणि रायगडचा उत्तर भाग, यांच्यासाठी प्रमाण मानला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याचे संपादन केले. वारसा आणि दत्तक यांच्या खटल्यांत मयूखाचा आधार घेतला गेला. जमिनीवरच्या राजाच्या मर्यादेविषयीचे त्याचे मत मात्र ग्रंथातच राहिले. तिथे राज्य होते १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेचे, जिच्यानुसार दुसऱ्या कोणाची म्हणून सिद्ध न झालेली प्रत्येक जमीन सरकारची ठरते. तीच तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आली. खाडी, खाजण, कांदळवन, सगळे सरकारचे.

इथे एखादा चिकित्सक वाचक मला अडवील आणि ते योग्यच होईल. परंपरा एकमुखी नाही. कौटिल्य करदात्यांना तयार शेते केवळ हयातीपुरती द्यायला सांगतो आणि जो कसत नाही त्याच्याकडून काढून घ्यायला सांगतो. अर्थात त्याच प्रकरणात, पडीक जमीन कष्टाने लागवडीखाली आणणाऱ्याकडून ती काढून घेऊ नये, असेही तो बजावतो. मनुस्मृती आठव्या अध्यायात राजाला भूमीचा अधिपती म्हणते. आणि तीच मनुस्मृती दहाव्या अध्यायात शूद्राने, सामर्थ्य असले तरी, धनसंचय करू नये असा दंडक घालते. खाजणात बांध घालणाऱ्या ज्या माणसाला ‘स्थाणुच्छेदस्य केदारम्’ या वचनाने शेत मिळते, त्याच्याच हातून या दुसऱ्या वचनाने ते निसटते. ती स्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी रायगड जिल्ह्यातच, महाडला जाळली गेली, हे धर्माधिष्ठित अर्थव्यवस्थेवर बोलणाऱ्या कोणालाही विसरता येणार नाही. तेव्हा परंपरेतून निवड करावी लागते, आणि निवडीचा निकष मी उघडपणे सांगतो: जे वचन बलवानाला बांधते ते घ्यावे, जे दुर्बलाला बांधते ते टाकावे. हा निकष आधुनिक आहे असा आक्षेप कोणी घेतला तर मला तो मान्य आहे. शबराची निवडही त्याच्या काळात कोणीतरी केलेलीच होती.

शास्त्रग्रंथ मर्यादा सांगतात, पण ती ओलांडल्यावर काय होते ते महाभारत सांगते. पांडवांना वाटणीत खांडवप्रस्थ मिळाले आणि तिथे इंद्रप्रस्थ वसले. पुढे कृष्ण आणि अर्जुन यांनी शेजारचे खांडववन अग्नीच्या स्वाधीन केले. आदिपर्वातले ते वर्णन वाचवत नाही: पळणाऱ्या प्राण्यांना दोघे वीर आगीत परत लोटत आहेत, इंद्राचा पाऊस बाणांच्या छताने अडवला जात आहे. तक्षक नाग त्या दिवशी कुरुक्षेत्रात होता म्हणून वाचला, त्याची पत्नी मुलाला वाचवताना मारली गेली. तो मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले, एवढेच त्या वनातून जिवंत सुटले. जीवदान मिळालेल्या मयाने कृतज्ञतेपोटी चौदा महिन्यांत मयसभा बांधली. इरावती कर्वे यांनी या संहाराकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी रामायण-महाभारतातून अर्थविचार शोधणाऱ्यांच्या यादीत खांडवदहन क्वचितच असते.

त्यांच्या यादीत हमखास असतो तो सभापर्वातला नारदाचा प्रश्नाध्याय. राज्यकारभार कसा असावा याची ती उत्कृष्ट सूची आहे. शेतकऱ्यांना बी-बियाणे कमी पडत नाही ना, राज्यात ठिकठिकाणी भरलेले तलाव आहेत ना, अंध, मुके, पांगळे आणि अनाथ यांना तू पित्यासारखे सांभाळतोस ना, असे नारद युधिष्ठिराला विचारतो. पण हे प्रश्न कुठे विचारले जात आहेत? नुकत्याच बांधून झालेल्या मयसभेत. आणि त्या सूचीत एक प्रश्न असाही आहे: अग्नीच्या आणि सर्पांच्या भयापासून तू राष्ट्राचे रक्षण करतोस ना? अग्नीपासून सर्पांचे रक्षण कोणी करावे, हे त्या सभेत कोणी विचारत नाही. नारदाची सूची कल्याणकारी आहे, पण ती सभेच्या आतून रचलेली आहे. जे सभा बांधण्याआधीच जळून गेले, ते तिच्या कक्षेत येत नाहीत.

महाभारताचा मोठेपणा असा की कवी मात्र ते विसरत नाही. अश्वसेन पुढे कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाच्या मस्तकावर येतो. तक्षक अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला, दंश करून मारतो. परीक्षिताचा मुलगा जनमेजय सूड म्हणून सर्पसत्र मांडतो, आणि संपूर्ण महाभारत सांगितले जाते ते त्याच सत्रात. म्हणजे अठरा पर्वांची कथा खांडवाच्या न मिटलेल्या हिशेबाच्या चौकटीत बसवलेली आहे. ते सत्र थांबवतो तो आस्तिक. त्याचा बाप ऋषी आणि आई नागकन्या, दोन्ही बाजूंचे रक्त त्याच्यात आहे.

पाश्चात्त्य विचाराशी खरा फरक मला इथे दिसतो, आणि तो व्याख्यानांतल्या फरकापेक्षा वेगळा आहे. डच कायदेपंडित ग्रोशियसने १६२५ साली राज्याच्या सर्वोच्च भूस्वामित्वाची कल्पना मांडली, अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली ‘न्याय्य मोबदल्या’ची अट आली, आपल्याकडे १८९४ चा भूसंपादन कायदा आणि नंतर त्याच्या जागी २०१३ चा कायदा आला. या सगळ्यांत एक गृहीत समान आहे: मोबदला दिला की नाते संपले. किंमत अधिसूचनेच्या तारखेला गोठवली जाते आणि त्यानंतर त्या जमिनीचे जे होईल त्याच्याशी जुन्या धारकाचा संबंध जवळपास उरत नाही. जमीन सार्वजनिक कामासाठी घेऊन खासगी विकासकाला देता येते, हेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली न्यू लंडन शहराच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केले. महाभारताला हे गृहीत मान्य नाही. ज्याच्या घरावर तुमचे शहर उभे आहे, त्याच्याशी तुमचे नाते तीन पिढ्या चालते, ते सलोख्याचे ठेवायचे की वैराचे एवढेच तुमच्या हातात असते.

आपल्या भागात हे नाते न संपल्याची खूण गावोगाव दिसते. गावठाणाची हद्द वाढली नाही, कुटुंबे वाढली, आणि ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षे शासनदरबारी फिरत राहिला. साडेबारा टक्क्यांचे भूखंड अनेकांच्या हातून कागद हाती येण्यापूर्वीच बांधकाम व्यावसायिकांकडे गेले. जून २०२१ मध्ये विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून हजारो लोक रस्त्यावर आले, ते फक्त नावासाठी आले असे मानणे भाबडेपणाचे आहे. उलवे येथील टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावठाणे उठली. त्यांच्या मोबदल्याची चर्चा सातबाराच्या उताऱ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मिठागरात मजुरी करणाऱ्याचे, खाडीत डोल जाळे लावणाऱ्याचे, चिखलात निवट्या-खेकडे पकडणाऱ्या बाईचे नाव सातबारावर कधीच नव्हते. जैमिनीच्या मते भूमीशी सर्वांचे नाते सारखे. आपल्या व्यवहारात ज्याचा उतारा नाही त्याचे जणू नातेच नाही.

मग करायचे काय? सिडकोचे भूखंड मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले, आणि वाशी किंवा खारघरमध्ये घर विकताना हस्तांतरण शुल्क भरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की भूखंडाशी प्राधिकरणाचे नाते पहिल्या विक्रीनंतर संपले नाही. प्रत्येक व्यवहारात त्याचा वाटा निघत आला. प्राधिकरणाचे नाते चालू राहू शकते तर खाजण घडवणाऱ्याचे का नाही? या चालू उत्पन्नातला ठरावीक हिस्सा प्रकल्पग्रस्त गावांच्या सामायिक निधीत जावा, आणि त्या निधीवर उतारा नसलेल्या श्रमिकांचाही हक्क असावा. हिस्सेदारीची ही कल्पना अव्यवहार्य नाही. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी सुमारे चारशे एकर जमीन न विकता एकत्र केली आणि स्वतःच कंपनीचे भागधारक होऊन शहर वसवले. त्यासाठी त्यांनी कोणत्याही उपनिषदाचा आधार घेतल्याचे दिसत नाही. भागभांडवलाच्या पाश्चात्त्य कायद्याचा आधार घेतला, आणि परिणाम मीमांसेच्या जवळ जाणारा झाला.

निधी गावपुढारीच गिळंकृत करतील, ही शंका मी हलक्याने घेत नाही. भूखंडवाटपाच्या इतिहासात तसे दाखले आहेत. पण त्यावरचा उपाय पारदर्शक हिशेब आणि ग्रामसभेची तपासणी हा आहे. प्राधिकरणाकडेच सगळे ठेवल्याने ती अडचण सुटत नाही, तिचे ठिकाण फक्त बदलते.

अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि त्याच्या पलीकडे उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर ‘तिसऱ्या मुंबई’ची आखणी जाहीर झाली. नवी मुंबईच्या वेळी जे राहून गेले ते इथे करायला अजून अवधी आहे. खाडीवर, खाजणावर, मिठागरावर कोणाचे पोट अवलंबून आहे याची गाववार नोंद जमिनीचे व्यवहार सुरू होण्याआधी झाली पाहिजे, कारण मोजणीचे खांब रोवल्यानंतर ती करायला गेले की प्रत्येक नाव संशयास्पद ठरते. तलाठ्याच्या दप्तरात अशा नोंदीसाठी रकाना नाही, म्हणून हे काम ग्रामसभांना ठराव करून स्वतःच हाती घ्यावे लागेल, आणि व्याख्यानमालांत धर्माधिष्ठित अर्थव्यवस्थेवर बोलणाऱ्या विद्वानांपैकी ज्यांना त्यात मदत करायची असेल त्यांच्यासाठी नेरूळहून उरणला लोकल जाते.